ओटीतले पीस आणि पाच इंचांचे चौकोन

माझं माहेर लातूरकडचं, औसा तालुक्यातलं, सासर नांदेडचं. दोन्ही घरांच्या कपाटांत एक गोष्ट हमखास निघते, ब्लाउज पीसची चवड. हळदी-कुंकू, डोहाळजेवण, वास्तुशांत, महालक्ष्म्यांची सवाष्ण. कार्य कोणतंही असो, ओटीत एक पीस पडतोच. त्यातला एखादाच शिंप्याकडे जातो, बाकीचे पुढच्या कुणाच्या तरी ओटीत. एका उन्हाळ्यात गल्लीतल्या आम्ही काही जणींनी या चवडी खाली काढल्या आणि त्यातून गोधड्या शिवायला घेतल्या. आईला, आजीला गोधडी शिवताना सगळ्यांनीच पाहिलेलं होतं. स्वतः मात्र कुणी शिवलेली नव्हती. या कामातून जे हाती लागलं ते सांगावंसं वाटतं.

१. पहिली गोधडी लहानच घ्यावी, हे लवकर पटलं. आमच्यापैकी प्रत्येकीच्या मनात दोन माणसं झोपतील एवढी गोधडी होती. पण सुरुवातीला हातात जे खरोखर पुरं होतं ते बाळाचं दुपटं. त्याचा हिशेब सोपा आहे. ओटीचा पीस बहुधा ऐंशी सेंटिमीटर लांब आणि छत्तीस इंच पन्ह्याचा असतो. पाच इंचांचे चौकोन काढले तर उभे सहा आणि आडवे सात, म्हणजे एका पीसमधून ४२ चौकोन निघतात. दुपट्याला सात ओळींत सात, असे ४९ लागतात. चारी बाजूंनी पाव इंच मार्जिन धरली की शिवल्यावर प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा उरतो आणि सगळं मिळून साडेएकतीस इंचांचा चौरस होतो. त्याला दोन-दोन इंचांची किनार लावली की यार्डभर दुपटं तयार. सात-आठ रंगांचे पीस घेतले आणि प्रत्येकातून सात-आठ चौकोन काढले तर एकीच्या कपाटातूनच काम भागतं, उरलेले चौकोन दुसरीला देता येतात. पहिलं दुपटं पुरं झालं की मोठ्या गोधडीची भीती आपोआप जाते. दहा बाय चौदा चौकोन आणि भोवती साडीचा सहा इंची काठ घेतला की एका माणसाची गोधडी होते.

२. डोळ्यांना आवडलेलं कापड हाताला आवडेलच असं नाही. चवडीतले सगळ्यांत देखणे पीस चकाकणारे होते, आणि तेच बाजूला ठेवावे लागले. साटनच्या कडा कापल्या कापल्या सुटायला लागतात. टेरिकॉट सुईखालून सरकतं. गोधडीला खरं साथ देतं ते रुबिया आणि साधं सुती कापड. त्यातही एक गोष्ट आधी करायलाच हवी: सगळे पीस वेगवेगळे भिजवून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचे. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, पॉलिएस्टर आटत नाही. दोन्ही शेजारी शिवली तर पहिल्या धुण्यातच गोधडीला चुण्या पडतात. लाल आणि गर्द निळा यांच्यावर तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. पांढऱ्या चौकोनाशेजारी कच्चा लाल बसला की पांढरा गुलाबी झालाच म्हणून समजा.

३. ओटीच्या कापडाला कात्री लावणं हे नुसतं शिवणकाम नाही, याचा विचार मी आधी केला नव्हता. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, ओटीचं कापड हाय ते. असं कापूलालीस?" मी हात थांबवला. मग त्याच खाली उतरून चवडीपाशी बसल्या आणि एकेक पीस उलगडून दोन ढीग करायला लागल्या. माहूरच्या रेणुकामातेचा प्रसाद म्हणून आलेले खण, घटाला वाहिलेले, अंबाबाईच्या ओटीतले, हे सगळे एका बाजूला. माणसांनी माणसांना दिलेले दुसऱ्या बाजूला. "हे काप. देनाऱ्यानं वापरायलाच दिलंय की." किती साधी वाटणी! पण ती माझ्या मनात आली नसती. देवीचे खण आजही कपाटात आहेत. बाकीचे, जे वर्षानुवर्षं घडीही न मोडता या घरातून त्या घरात फिरत होते, ते पहिल्यांदा उलगडले. मला वाटतं, गोधडीनं आमच्यासाठी केलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. ज्या कापडाला कुणीच थांबवत नव्हतं, ते एका घरी मुक्कामाला राहिलं आणि कुणाच्या तरी अंगावर आलं.

४. चौकोन सारखे असले की डोकं मांडणीसाठी मोकळं राहतं. हा तयार चौकोनांचा खरा फायदा आहे. आकाराची चिंता संपते, उरतो तो रंगांचा खेळ. आम्ही जाड पुठ्ठ्याचा पाच इंची साचा केला, शिंप्याच्या खडूनं खुणा केल्या आणि कापताना एकच नियम पाळला, चौकोनाच्या कडा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला समांतर हव्यात. उरेब कापलेला चौकोन शिवताना ताणतो आणि मग शेजारच्याशी त्याचे कोपरे जुळत नाहीत.

मांडणी जमिनीवर करायची, पांढऱ्या चादरीवर. सगळ्यांत सोपी म्हणजे एक फिकट, एक गडद, बुद्धिबळाच्या पटासारखी. त्याहून थोडी पुढची नऊची: तीन बाय तीनचं एक घर, त्यात चार कोपरे आणि मधला गडद, बाकीचे चार फिकट, मग असं एक घर आणि शिवल्यावर साडेतेरा इंची होईल असं चौदा इंची अख्खं कापड आळीपाळीनं. मला स्वतःला तिरप्या ओळींची मांडणी फार आवडते. एका कोपऱ्यात पिवळा, त्याच्या खाली तिरपे दोन केशरी, मग तीन लाल, असं करत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जायचं. आणि एक चौकटीची: मध्ये एक चौकोन, त्याभोवती एका रंगाची चौकट, त्याभोवती दुसऱ्या रंगाची. सात बाय सातच्या दुपट्यात अशा तीन चौकटी बरोबर बसतात. नवशिकीनं यांतली कुठलीही एक घ्यावी. मांडून झाली की थोडं लांब जाऊन डोळे किलकिले करून बघावं. रंग विसरले जातात, फक्त गडद आणि फिकट दिसतं, आणि जिथे दोन गडद शेजारी आले असतील ते लगेच खुपतं. मोबाइलवर फोटो काढून रंग घालवून पाहिला तरी तेच कळतं. मग ओळीनं चौकोन उचलायचे, टाचणीला चिठ्ठी लावायची, पहिली ओळ, दुसरी ओळ. हे न करता ढीग उचलला तर सगळी मांडणी परत करावी लागते.

५. आपल्या आज्या अगदी उलट बाजूनं काम करत होत्या, हे शिवता शिवता उमगलं. आमच्या गटातल्या एकीची भाची न्यू जर्सीला असते. तिनं तिकडून पाच इंची चौकोनांचा एक गठ्ठा आणला होता. तिकडे त्याला चार्म पॅक म्हणतात आणि एका गठ्ठ्यात बहुतेक वेळा ४२ चौकोन असतात. आमच्या एका पीसमधून निघतात तेवढेच! दहा इंची चौकोनांचा लेयर केक आणि अडीच इंची पट्ट्यांचा जेली रोलही तिकडे तयार मिळतो. त्यांची रीत अशी: आधी वरचा थर पूर्ण जोडायचा, मग त्याखाली भर आणि अस्तर घालून तिन्ही एकत्र शिवायचं. आपल्याकडे आधी जुन्या साडीच्या घड्या जमिनीवर पसरतात, आणि तुकडे त्या पसरलेल्या थरांवर ठेवत, कडा आत दुमडत, खालपर्यंत टाका घालत जातात. वरचा थर वेगळा कधी तयार होतच नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकाही अशाच शिवतात; कडेपासून सुरू करून आत आत येत मध्यावर संपवतात, आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची छोटी फुलं लावतात. अमेरिकेतही सगळं मापानंच चालतं असं नाही. अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून, घरात असेल त्या तुकड्यांतून गोधड्या केल्या, आणि २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या.

दोन्ही पद्धती करून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे: पहिल्या गोधडीला जोडकाम आधी करावं, कारण मशीनवर सरळ शिलाई मारता येते आणि मांडणी हलत नाही. दुसरी मात्र आजीच्या रीतीनं, हातानं करावी. तिथे तुकडा चौकोनीच हवा असंही काही राहत नाही.

६. वरचे चौकोन कितीही सुंदर असोत, अंगाला लागतं ते अस्तर. नव्या कापडाच्या गोधडीत हे फारच जाणवतं. आतला थर आणि अस्तर जुन्या साडीचंच असावं. धुऊन धुऊन विरत आलेल्या सुती साडीला जो मऊपणा येतो तो दुकानात मिळत नाही. आमच्या भागात नऊवारी इरकल पुष्कळ होती. तिचे काठ काढून किनारीला लावावेत, आणि मधलं लुगडं घडी घालून आत घालावं. साडी नसेल तर मांजरपाट. खादी वापरावी असं मला फार वाटायचं. राष्ट्रध्वजाच्या खादीचं काम आपल्या नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत होतं, उदगीरला ते कापड विणलं जातं, याचा अभिमान आहेच. पण जाड खादीच्या तीन थरांतून सुई ओढताना बोटं सोलतात. ती पातळ असेल तरच घ्यावी. आहेरात आलेले टॉवेल मात्र आत घालण्याच्या कामी उत्तम येतात. आमच्याकडच्या लग्नांतल्या टॉवेल-टोपीचं काय करायचं, या जुन्या प्रश्नाला एवढं एक उत्तर तरी सापडलं.

७. मराठवाड्यात गोधडी किती जाड करायची हे थंडी ठरवत नाही, पाणी ठरवतं. लातूरला असताना हे मी डोळ्यांनी पाहिलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं, त्या दिवसांत घरात हंड्या-घागरींची रांग असायची आणि गोधडी धुणं हा विषयच कुणी काढत नव्हतं. पाच-सहा थरांची गोधडी भिजली की दोघींनाही उचलत नाही, आणि साबण निघायला तिला घागरींवर घागरी लागतात. एरवी आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण झाडून सगळं धुवायची रीत आहे. गोदावरीच्या, मांजराच्या काठावर खडकांवर, झुडपांवर, पुलाच्या कठड्यावर गोधड्याच गोधड्या वाळत पडलेल्या दिसायच्या. आता बायका अपार्टमेंटच्या चौथ्या मजल्यावर राहतात आणि वॉशिंग मशीनमध्ये मावेल तेवढंच धुतात. म्हणून वर चौकोन, मध्ये एक साडीची घडी, खाली अस्तर, एवढंच पुरे. हिवाळ्यात दोन गोधड्या एकावर एक घेता येतात. उन्हाळ्यात एक गच्चीवर अंथरता येते.

८. टाका एकटीनं घालायचा असला तरी गोधडीला माणसं लागतात. थर पसरून, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून, सुरकुत्या मधून बाहेर सारत आधी कच्चे टाके घालायचे. मग धावदोरा. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंततो. गाठ थरांच्या आत ओढून घ्यावी, वर दिसू देऊ नये. मधल्या बोटात अंगुस्तान हवंच. दोन ओळींमध्ये दोन बोटांचं अंतर पुष्कळ झालं. चौकोनांच्या गोधडीला कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपे टाके घातले तर सगळ्या चौकोनांवरून रेघा जातात आणि आखायचीही गरज राहत नाही. इथे चौघी चार बाजूंना बसल्या की बोलणं आपोआप सुरू होतं. हात गुंतलेले असतात, नजर खाली असते, आणि एरवी न बोललेल्या गोष्टी निघतात.

आमच्यात किल्लारीकडच्या एका गावातल्या मावशी येतात, लेकीकडे नांदेडला राहतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात त्यांचं घर गेलं, घरातली माणसं गेली. त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. एकदा शिवता शिवता एवढंच म्हणाल्या, "कपडे लई आले होते गं आमच्याकडं. देशभरातून. ढीगच्या ढीग. पँटी, कोट, कुनाकुनाचे गाऊन. घालायचे कुनी? आमी त्याच्या वाकळा केल्या. पत्र्याच्या शेडात थंडी वाजायची ना." पुढं कुणी काही विचारलं नाही. माझ्या हातातल्या चौकोनाकडे मी त्या दिवशी वेगळ्या नजरेनं पाहिलं, हे मात्र खरं. अनोळखी माणसांच्या कपड्यांनी एका अख्ख्या गावाला ऊब दिली होती. त्या शिवणाऱ्या बायकांजवळ ना साचा होता, ना मांडणीला वेळ.

९. गोधडी कुणासाठी आहे ते आधी माहीत असावं. नुसतं शिकायचं म्हणून घेतलेलं काम महिनोन्‌महिने पिशवीत पडून राहतं. बाळाची तारीख जवळ आली की तेच भराभर होतं. आमचं पहिलं दुपटं शेजारच्या सुनेच्या बाळंतविड्यात गेलं, झबली-टोपडी-कुंचीसोबत. बारशाला जमलेल्या बायकांनी ते पाळण्यातून काढून मांडीवर पसरलं आणि एकीचं बोट एका जांभळ्या, पांढऱ्या बुट्ट्यांच्या चौकोनावर थांबलं. "हा तर मी दिलेला पीस! तुमच्या वास्तुशांतीला." लगेच दुसरीनं सांगितलं की तो तिनं हिला दिला होता, संक्रांतीला. तिसरीनं तो गंजगोलाईतून, लातूरच्या कापड लाइनीतून डझनावारी आणलेल्यातला असणार असा अंदाज बांधला. मग प्रत्येक चौकोनाची चौकशी सुरू झाली. बाळ पाळण्यात झोपलेलं आणि त्याच्या दुपट्यावर अर्ध्या गल्लीचा पत्रव्यवहार उघडलेला. त्या दिवसापासून मी दुपट्याच्या मागच्या कोपऱ्यात साध्या टाक्यानं बाळाचं नाव आणि साल घालते. पुढं कुणी तरी विचारेल.

१०. या कामाचे पैसे घ्यायला बायकांची जीभ रेटत नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत गोधडी मोठ्या किमतीला विकली जाते. आमच्याकडे एखादी ओळखीची येते, आपलं कापड देते आणि म्हणते, "घरीच तर बसलेली असतेस, दे की शिवून." गावोगाव फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांच्या वाट्यालाही हेच येतं. दिवसभर ओट्यावर वाकून त्या शिवणार, आणि संध्याकाळी घरमालकीण मजुरीवरून घासाघीस करणार. किनवट-माहूरकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या फेटिया-कांचळीवर आरशांचं, टाक्यांचं काय काम असतं! ते विकत घेणारा माणूस आधी जुनं आहे का विचारतो, नंतर किंमत पाडतो. कापड फुकट आलं म्हणून हातही फुकट आला, हा समज आमच्या घराघरांत मुरलेला आहे, आणि तो आम्हा बायकांच्याच तोंडून जास्त ऐकू येतो.

आम्ही आता एक केलं आहे. कुणी गोधडी शिवून मागितली की चौकोन किती, थर किती, टाका हाताचा की मशीनचा, हे वहीत लिहितो आणि त्यावरून मजुरी सांगतो. ओळखीच्या माणसालाही तेवढीच. काही जणी परत गेल्या. बऱ्याच जणींनी पैसे दिले. मावशींनी आपल्या पहिल्या मजुरीतून अंगुस्तान आणि जाड दोऱ्याची रिळं आणली, आणि लेकीच्या मुलीसाठी नवीन गोधडी मांडायला घेतली आहे, तिरप्या ओळींची, पिवळ्यापासून सुरू होणारी.